आयव्ही डोसचं गणित चुकलं? आधी बघा कितीपट चुकलंय

आमच्या आयसीयूत दर महिना-दीड महिन्याला नर्सिंगच्या स्टुडंट्सची नवी बॅच पोस्टिंगला येते आणि पहिल्या आठवड्यातच कोणीतरी वही छातीशी धरून मेडिसिन ट्रॉलीजवळ उभं राहतं, "सिस्टर, हे उत्तर का येत नाहीये?" जीएनएमची असो, बीएस्सीची असो, पोस्ट बेसिकची असो, वही वेगळी पण चूक तीच. आर्ट्स करून जीएनएमला आलेल्या मुलींना वाटतं आपलं गणित दहावीतच सुटलं म्हणून असं होतंय, पण सायन्सवाल्या पण तिथंच अडकतात, त्यामुळे ते खूळ डोक्यातून काढून टाका. गुणाकार-भागाकार काय, मोबाईल करून देतो. गडबड त्याच्या आधीच झालेली असते, ऑर्डर वाचताना, लेबल वाचताना नाहीतर युनिट लिहिताना.

इतकी वर्षं तेच तेच सोडवून आता माझं असं झालंय की गणित न वाचता नुसतं तुमचं उत्तर आणि बरोबर उत्तर शेजारी शेजारी ठेवलं तरी कुठं चुकलंय ते मी सांगू शकते. जादू नाहीये. मोठ्या उत्तराला छोट्या उत्तराने भागायचं, बस. जो आकडा येतो तो चुगली करतो. खाली जे औषधांचे आकडे आहेत ते गणित समजायला घेतलेत, पेशंटला किती द्यायचं ते फाइलवरच्या ऑर्डरवरून आणि आपापल्या वॉर्डच्या प्रोटोकॉलवरूनच, हे एकदा सांगून ठेवते.

लक्षणं

भागाकार करून बघितला आणि –

१००० आला तर एमजी आणि मायक्रोग्रॅमची गल्लत. सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

६० आला तर मिनिट आणि तास.

१० किंवा १०० आला तर पॉइंट सरकलाय, किंवा टक्केवारी कळली नाहीये, किंवा एमजीचा आकडा तसाच एमएल म्हणून उतरवलाय.

१.३३ च्या आसपास आला तर ड्रॉप फॅक्टर, म्हणजे सेटमधून एका एमएलचे किती थेंब पडतात तो आकडा. पुस्तकवाल्याने १५ धरला, तुम्ही २० धरला, किंवा उलट.

३ आला तर दोन संशयित: एक तर मायक्रो सेट (एमएलला ६० बारीक थेंब) आणि मॅक्रो सेट (साधा, २० थेंबांचा) यांची अदलाबदल, नाहीतर दिवसाचा डोस टीडीएसमध्ये (दिवसातून तीनदा) वाटायचा राहिला. ४ आला तर क्यूआयडी (दिवसातून चारदा).

२.५ आला आणि औषध इन्सुलिन असेल तर पुढचं वाचायची पण गरज नाही, एमएलला ४० युनिटची व्हायल आणि १०० ची सिरिंज. ५ आला तर व्हायलची स्ट्रेंथ बघा. २.२ आला तर गणित अमेरिकन पुस्तकातलं आहे आणि वजन पाउंडमध्ये दिलंय. भागाकार पेशंटच्या वजनाइतकाच आला, समजा ६०, तर 'पर केजी' खाल्लंत (आणि हो, ६० किलोचा पेशंट असेल तर तो ६० मिनिटांचा पण असू शकतो, म्हणून सरावाला मी ५२ नाहीतर ५५ किलोचा पेशंट देते). १.१ आला तर ते जरा गमतीशीर आहे, खाली लेबलच्या भागात सांगते.

शिवाय दोन लक्षणं भागाकारात सापडत नाहीत. एक, दर वेळी वेगळाच आकडा येतो, कसलाच पॅटर्न नाही. दोन, कागदावर सगळं बरोबर आहे, पण ८ तासांची सलाईन ५ तासात संपून बाटली लोंबकळतेय.

आता तपासायला घ्या. फुकटातलं आधी, डोकेदुखीचं शेवटी.

१. विचारलंय काय ते परत वाचा

दहा सेकंदांचं काम आहे आणि निम्म्या वह्या इथंच सुटतात. ऑक्सिटोसिनचं नेहमीचं गणित घ्या. ५ युनिट ५०० एमएल आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट सलाईन), मिनिटाला २ मिलियुनिट द्यायचं. ५ युनिट म्हणजे ५००० मिलियुनिट, भागिले ५००, म्हणजे एका एमएलमध्ये १० मिलियुनिट, म्हणजे मिनिटाला ०.२ एमएल. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. आता पंपावर लावायचं असेल तर उत्तर तासाला १२ एमएल, २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला ४ थेंब, मायक्रोड्रिप असेल तर १२ थेंब. तिन्ही बरोबर! लेबर रूमच्या पोस्टिंगला एका मुलीने १२ लिहिलं होतं, शेजारणीच्या वहीत ४ दिसलं म्हणून हिने स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं, आणि शेजारणीचं पण बरोबरच होतं. प्रश्नात शेवटी 'किती थेंब' आहे, 'किती एमएल' आहे की 'तासाला किती एमएल' आहे, त्याखाली पेन्सिलने रेघ मारा आणि उत्तर लिहिताना तेच युनिट आकड्याच्या शेजारी लिहा. नुसता १२ हा आकडा म्हणजे काहीच नाही.

२. उत्तर डोळ्यासमोर आणा

हेही फुकटच. मागच्या पावसाळ्यात नाइटला एक थर्ड इयरची मुलगी होती, तिने डोपामिनचं गणित सोडवून उत्तराला छान चौकट केली होती, तासाला ४५०० एमएल. मी चूक म्हटलंच नाही. तिला घेऊन पंपाजवळ गेले, बेडवरच्या आजोबांना डोपामिनच चालू होतं, पन्नासची सिरिंज लावलेली, स्क्रीनवर हिरवा ४.५ दिसत होता. विचारलं, "ही सिरिंज केवढ्याची?" "पन्नासची." "मग तासाला साडेचार हजार म्हणजे अशा किती लागतील?" तिने बोटं मोजली. "नव्वद." आणि मग स्वतःच तोंडावर हात.

तर प्रत्येक उत्तराला हा प्रश्न विचारायचा, की हे माझ्या हातात कसं दिसेल? किती अँप्युल फोडाव्या लागतील, किती सिरिंजा, थेंब मोजता येतील का? मिनिटाला ३३३ थेंब आले तर ते मोजायचे थेंब नाहीतच, ती धार आहे. एका डोसला दोन-तीनपेक्षा जास्त अँप्युल किंवा व्हायल लागत असतील तर थांबून परत बघायचं. याला अपवाद आहेत, मॅगसल्फच्या (मॅग्नेशियम सल्फेट) लोडिंगला, म्हणजे पहिल्या मोठ्या डोसला, खरंच ढीगभर अँप्युल फोडाव्या लागतात, पण ते अपवाद वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला पाठ असतात, विचारलं की लगेच सांगतात.

एक मात्र लक्षात ठेवा, लहान मुलांमध्ये ही तपासणी दगा देते. आयव्ही पॅरासिटामॉलची १०० एमएलची बाटली असते, त्यात १००० एमजी, म्हणजे एमएलला १० एमजी. बाळाला ३० एमजीची ऑर्डर असेल तर ३ एमएल. पण कोणी घाईत ३० चं ३० एमएल वाचलं तर ते पण त्याच एका बाटलीतून आरामात निघतं, दुसरी बाटली फोडायची वेळच येत नाही, त्यामुळे मनात शंका पण येत नाही. दहापट डोस! मोठ्या माणसात अशी चूक आपोआप अडते, बाळात अडत नाही. म्हणून पेडियाट्रिक वॉर्डात नजरेच्या अंदाजावर जायचं नाही.

३. युनिट एकाच घरात आणा

त्या डोपामिनवालीचं गणित पूर्ण बघू, कारण सगळ्या इनोट्रोपचं (हृदयाला आणि बीपीला जोर देणारी औषधं) गणित असंच चालतं. ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट, वजन ६०, सिरिंजमध्ये २०० एमजी ५० एमएलला.

५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. पंप तासाचा आकडा मागतो म्हणून गुणिले ६०, तासाला १८,००० मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये २०० भागिले ५०, म्हणजे एमएलला ४ एमजी. इथे तिने १८,००० ला ४ ने भागलं आणि ४५०० आले. १८,००० कुणाचे, मायक्रोचे. ४ कुणाचे, एमजीचे. दोघांची जातच वेगळी, भागाकार लागणार कसा. १८,००० मायक्रो म्हणजे १८ एमजी, भागिले ४, तासाला ४.५ एमएल. तिचं बाकी सगळं बरोबर होतं हो, फॉर्म्युला पण तोंडपाठ होता.

माझी सवय सांगते. भागाकाराच्या आधी वरच्या आकड्याशेजारी आणि खालच्या आकड्याशेजारी युनिट लिहायचं आणि दोन्ही सारखी दिसल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. ग्रॅमचे एमजी करताना हजारने गुणायचं, एमजीचे मायक्रो करताना परत हजारने. मोठ्याकडून लहानाकडे जाताना आकडा वाढतो, जसे रुपयाचे पैसे करताना वाढतात. हे एवढं एक वाक्य ज्यांना पटलं त्यांचा १००० चा रोग गेला.

४. लेबल आणि पाकीट हातात घ्या

या चेकला उठून ट्रॉलीपर्यंत जावं लागतं म्हणून चौथ्या नंबरवर, नाहीतर पहिल्यावर ठेवला असता.

आधी आयव्ही सेट. आपल्याकडे वॉर्डात जो साधा सेट मिळतो तो बहुतेक वेळा एमएलला २० थेंबांचा असतो, मायक्रोड्रिप आणि ब्युरेट सेट ६० चा. पण नेटवर जे प्रश्न फिरतात, नॉरसेटची (एम्सची नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षा) तयारी करणारे जे सोडवत बसतात, त्यातले बरेच अमेरिकन पुस्तकांतून आलेले असतात आणि तिकडे १० आणि १५ चे सेट असतात. म्हणून ५०० एमएल ८ तासात म्हटलं की २० ने २१ थेंब येतात आणि १५ ने १६. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. परीक्षेत जो आकडा दिलाय तो घ्या, पेशंटजवळ जो पाकिटावर छापलाय तो. पाकीट फाडून लगेच डब्यात टाकायची घाई करू नका, आधी वाचा. ब्लड सेटचंही तेच, पाकीट बघायचं.

शॉर्टकट सगळ्यांना माहीतच असतो, तासाचे एमएल भागिले ३ केलं की २० च्या सेटचे थेंब, भागिले ४ केलं की १५ च्या सेटचे, आणि मायक्रोचे तर जेवढे एमएल तेवढेच थेंब. का, ते पण माहीत असू द्या: ६० मिनिटं भागिले २० म्हणजे ३, भागिले १५ म्हणजे ४, भागिले ६० म्हणजे १. कारण माहीत असलं की परीक्षेत १० चा सेट आला तरी घाम फुटत नाही, ६ ने भागून मोकळं व्हायचं.

आता व्हायल. हेपरिनची ५ एमएलची व्हायल दोन प्रकारची मिळते, एकीत एमएलला १००० युनिट म्हणजे अख्ख्या व्हायलमध्ये ५०००, दुसरीत एमएललाच ५००० म्हणजे अख्ख्या व्हायलमध्ये २५,०००. बघा मजा, ५००० हा आकडा दोन्हीकडे आहे! एकीकडे तो पूर्ण व्हायलचा, दुसरीकडे एका एमएलचा, आणि काच दिसायला सारखीच. अमिकासिनचं पण तसंच, २ एमएलमध्ये १०० एमजीवाली आणि २ एमएलमध्ये ५०० एमजीवाली, दोन्ही २ एमएलच्याच. म्हणून भागाकारात ५ दिसला की मी आधी व्हायल मागते. लेबलवर दोन गोष्टी शोधायच्या, एका एमएलमध्ये किती आणि पूर्ण व्हायलमध्ये किती, आणि दोन्ही वहीत लिहायच्या.

इन्सुलिन. आपल्याकडे ४० युनिटची व्हायल अजून सर्रास आहे आणि १०० ची पण आहे. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. इन्फ्युजनसाठी ५० युनिट ५० एमएल एनएसमध्ये (नॉर्मल सलाईन) करायचं असेल तर ४० च्या व्हायलमधून १.२५ एमएल लागतं. तेच कोणी केशरी टोपणाच्या सिरिंजने ५० च्या रेघेपर्यंत भरलं तर आत गेलं अर्धा एमएल, म्हणजे २० युनिट. मग शुगर उतरत नाही म्हणून रेट वाढवत बसतात. आणि याच्या उलट, १०० ची व्हायल आणि लाल टोपणाची सिरिंज, तर अडीचपट जास्त जातं, ते तर फारच वाईट. व्हायलचा आकडा आणि सिरिंजचा आकडा जुळला पाहिजे, विषय संपला.

आणि तो १.१. '२०० एमजी ५० एमएलमध्ये' याचा अर्थ एकूण ५० एमएल. डोपामिनची अँप्युल ५ एमएलची असते, तर ४५ एनएस आणि ५ औषध. काहीजण ५० एनएस भरतात आणि वर ५ औषध घालतात, झाले ५५, औषध पातळ. ५५ भागिले ५० बरोबर १.१. हा आकडा इतका छोटा असतो की 'राउंडिंगमुळे असेल' म्हणून सोडून देतात. पण पंप रात्रभर तेवढं कमी औषध देत राहतो, बीपी का वर येत नाही हे कुणाला कळत नाही.

पावडरच्या व्हायलमध्ये याचंच भावंड आहे. पावडर स्वतः जागा घेते. सेफट्रायॅक्सोन १ ग्रॅमला ९.६ एमएल पाणी घातलं की एमएलला १०० एमजी होतं, गोल १० घातलं तर एकूण १० पेक्षा थोडं जास्त होतं. मोठ्या माणसाला अख्खी व्हायल द्यायची असते तेव्हा काही फरक पडत नाही, पण बाळाला त्यातलं थोडंसं काढून द्यायचं असेल तर पडतो. किती पाणी घालायचं ते आतल्या चिठ्ठीवर असतं. ती चिठ्ठी कोणी वाचत नाही, मला माहितेय, मी पण पहिली दोन वर्षं वाचली नव्हती.

५. दिवसाचा डोस की एका वेळचा

पेडियाट्रिकच्या ऑर्डरमध्ये 'पर केजी पर डे' आणि 'पर केजी पर डोस' अशी दोन्ही पद्धत चालते आणि शेवटचा शब्द वाचायचा राहतो. १२ किलोचं मूल, १०० एमजी पर केजी पर डे, बीडी (दिवसातून दोनदा). दिवसाला १२०० एमजी, एका वेळी ६०० एमजी, म्हणजे एमएलला १०० एमजी असेल तर ६ एमएल. बीडी विसरलं की १२ एमएल. भागाकारात २, ३, ४ असे पूर्णांक आले की पहिला संशय इथे घ्या.

६. टक्के आणि गुणोत्तर

इथे मुली हमखास गप्प होतात. टक्के म्हणजे १०० एमएलमध्ये किती ग्रॅम, एवढंच. ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे १०० ला ५ ग्रॅम, ५०० च्या बाटलीत २५ ग्रॅम. २५ टक्केची १०० एमएलची बाटली घेतली तरी तेच २५ ग्रॅम, फक्त पाणी कमी.

मॅगसल्फ घ्या, एक्लॅम्पशियाच्या (गरोदरपणात बीपी वाढून झटके येणं) पेशंटला लागतं आणि व्हायव्हाला तर विचारतातच. अँप्युल ५० टक्के, २ एमएल, म्हणजे एका अँप्युलमध्ये १ ग्रॅम. ४ ग्रॅम २० टक्के करून आयव्ही स्लो द्यायचं. ४ ग्रॅम म्हणजे ४ अँप्युल, ८ एमएल. २० टक्के म्हणजे १०० ला २० ग्रॅम, मग ४ ग्रॅम किती एमएलमध्ये? २० एमएलमध्ये. ८ तर आहेतच, म्हणून वर १२ एमएल घालायचं. बरेचजण ८ मध्ये २० घालतात. डोस तोच जातो हे खरं, पण ते २० टक्के राहत नाही आणि व्हायव्हात समोरच्या मॅडमच्या भुवया वर जातात.

गुणोत्तराचं नेहमीचं औषध म्हणजे अॅड्रेनलिन. १:१००० म्हणजे १००० एमएलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे एमएलला १ एमजी. १:१०,००० म्हणजे एमएलला ०.१ एमजी. मागचा आकडा मोठा तितकं औषध पातळ, हे उलटं वाटतं म्हणून चुकतं. १ एमएलच्या अँप्युलमध्ये ९ एमएल एनएस घातलं की एकातून दुसरं तयार होतं.

७. फॉर्म्युला सोडा, त्रैराशिक धरा

भागाकारात दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर अडचण पद्धतीत आहे. 'डिझायर अपॉन हॅव इनटू व्हॉल्यूम' पाठ असतं, पण कुठला आकडा डिझायर आणि कुठला हॅव हे गोंधळात उलटं होतं. त्यापेक्षा सातवीतलं त्रैराशिक काढा. २०० एमजी ५० एमएलमध्ये आहे, तर १८ एमजी किती एमएलमध्ये? १८ गुणिले ५० भागिले २००, ४.५. मराठीत मोठ्याने म्हणायचं, "इतकं इतक्यात, तर इतकं कितीत?" वाक्य तोंडातून नीट आलं तर आकडे आपोआप जागेवर बसतात. मी अजूनही मनात असंच म्हणते. इंग्लिशमधून शिकवलं म्हणून विचार पण इंग्लिशमध्येच करायचा असं कुणी सांगितलंय?

आणि पद्धत एकच ठेवा. कॉलेजला एक, क्लासला दुसरी, यूट्यूबवर तिसरी शिकून तिन्हींची मिसळ झालेल्या वह्या दुरुस्त करणं सगळ्यात अवघड जातं.

८. राउंडिंग

मधे करायचं नाही, शेवटीच. थेंब पूर्णांकात, २०.८३ चे २१. पंपाला एक पॉइंट, हेपरिनचं २.१६ आलं तर २.२. लिहिताना ०.५ लिहा, नुसतं .५ नाही, तो टिंब फोटोकॉपीत उडतो आणि ५ उरतात. ५ ला ५.० लिहू नका, त्याचे ५० होतात. युनिटचा शॉर्टफॉर्म टाळा, पूर्ण 'युनिट' लिहा, तो इंग्लिश यू घाईत शून्यासारखा दिसतो.

९. कागद बरोबर, बाटली चूक

हे सगळ्यात वेळखाऊ. २१ थेंब मोजून लावले होते आणि तरी सलाईन लवकर संपली, तर गणिताला दोष देऊ नका. पेशंटने हात वाकवला, सरळ केला, उशीवर ठेवला, बाथरूमला जाऊन आला, नातेवाईकाने स्टँड सरकवला, रोलर क्लॅम्प हळूहळू सैल झाला, प्रत्येकाने थेंब बदलतात. पूर्ण मिनिट मोजा, १५ सेकंदात ५ मोजून गुणिले ४ केलं तर एक थेंब इकडेतिकडे झाला की मिनिटाला चारचा फरक पडतो. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी परत मोजा, आणि बाटलीला पट्टी लावून त्यावर तासाच्या खुणा करा, मग लांबून पण दिसतं.

पंप असेल तर तीन ठिकाणी बघायचं: सिरिंजचा साइज आणि कंपनी बरोबर निवडलीय का, मोड एमएल पर अवरचा आहे की मायक्रोग्रॅम पर केजीचा, आणि आत आधीच्या पेशंटचंच वजन तर राहिलं नाहीये ना. ब्युरेटमध्ये औषध संपलं की लगेच बंद केलं तर शेवटचं औषध नळीतच राहतं, बाळाच्या बाबतीत तो डोसचा चांगला मोठा हिस्सा असू शकतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला हाक मारायची

स्टुडंट असताना एकट्याने आयव्ही औषध भरून द्यायचंच नाही, गणित कितीही पाठ असलं तरी. त्यातही हेपरिन, इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड, इनोट्रोप, मॅगसल्फ आणि लहान मुलांचं काहीही, यात दोघींनी वेगवेगळं सोडवायचं. वेगवेगळं म्हणजे तुमचं उत्तर झाकून. "सिस्टर, ४.५ येतंय ना?" असं विचारलं तर दुसरी मान डोलावते, रात्री तीनला तर नक्कीच डोलावते. पोटॅशियमची १० एमएलची १५ टक्क्यांची अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, गणित सोपंय, पण ते डायल्यूट करूनच आणि सावकाशच जातं, थेट पुश कधीच नाही. हे कुठल्याही फॉर्म्युल्यात लिहिलेलं नसतं. म्हणून गणित सुटलं म्हणजे औषध द्यायला तयार झालात असं होत नाही.

ऑर्डरचं अक्षर कळत नाही, वजन लिहिलेलं नाही, दोघींची उत्तरं जुळत नाहीत, लेबल पुसलंय, किंवा उत्तर नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय, यातलं एक जरी असेल तर वर दिलेले नऊ चेक पुन्हा पुन्हा करत बसू नका. इन्चार्ज सिस्टरला नाहीतर ऑन ड्यूटी डॉक्टरला विचारा, डायल्यूशनचं असेल तर फार्मसीला फोन करा. मध्यरात्री डॉक्टर खेकसतील, खेकसू देत. आणि औषध चालू झाल्यावर चूक लक्षात आली तर आधी जवळच्या सिस्टरला हाक मारायची, ती सांगेल काय बंद करायचं ते (इनोट्रोप एकदम बंद केलं तर वेगळाच घोळ होतो), मग किती वाजता किती गेलं ते खरं सांगायचं. वही किंवा चार्ट खोडायचा नाही.

परीक्षेपुरतं म्हणाल तर वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक चुकलेल्या गणिताचा भागाकार लिहीत जा. वीसेक गणितं झाली की तोच तोच आकडा परत परत दिसायला लागतो, मग फक्त तेवढीच सवय मोडायची. वीस झाल्यावरही काहीच पॅटर्न दिसत नसेल तर मग ते युनिटचं दुखणं नाहीये, अपूर्णांक आणि दशांश कच्चे राहिलेत. ते एकट्याने होत नाही, ट्युटर मॅडमला स्पष्ट सांगा आणि आठवडाभर त्यांच्याजवळ बसा, लाजण्यासारखं काही नाही त्यात. त्या डोपामिनवालीने पोस्टिंग संपताना तिचं शेवटचं पान मला दाखवलं होतं, वरून खाली १०००, १०००, ६०, १०००, ३, १००० आणि मग आठ-दहा गणितं काहीच नाही, सगळी बरोबर. सगळ्यात खाली एक १.१.